उभ्या माणसांचा रकाना

“उठा तिथून.”

मी त्याच्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द. लोकांच्या गोष्टी ‘नाव काय तुमचं’पासून सुरू होतात, कुणाची नुसत्या बघण्यापासून. माझी अशी सुरू झाली, त्याला मी तरी काय करणार? सात ते साडेतीन उभ्याने ड्यूटी करून रांजणगावहून कंपनीच्या बसने आले, फरशीपाशी उतरले, तर बाकीचे तेवीस बाक मोकळे सोडून हा मनुष्य नेमका त्याच बाकावर बसलेला. मांडीवर पॅड, कानावर पेन, आणि पाय असे पसरलेले की जणू घरच्या ओट्यावर बसलाय.

तो उठला. लगेच उठला, हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं. माणसं आधी ‘का’ म्हणून विचारतात आणि मग उठतात.

“सॉरी… तुमची जागा आहे का?”

“हो.”

“नाव लिहिलंय की काय तुमचं?” तो हसत म्हणाला.

“लिहिलंय.”

त्याला वाटलं, मी पण थट्टाच करतेय. हसतच तो शेजारच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्या डाव्या गालावर हसताना एक बारीक रेघ पडते. मी कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्टवरची केसाएवढी रेघ शोधायची आणि लाल टॅग लावायचा, हेच माझं काम. ही रेघ मात्र मी पास केली.

फरशी म्हणजे शिरूरच्या बाहेर, नव्या वसाहतींच्या मधोमध बांधलेला मोठा चौक. पाटीवर त्याचं नाव भारदस्त आहे, पण ते कुणी घेत नाही. मध्ये एक कारंजं, जे उद्घाटनाच्या दिवशी उडालं. कडेने दिवे, आणि काळ्या ग्रॅनाइटचे चोवीस बाक. लोक म्हणतात, फरशीवरून आत वळ, फरशीपाशी थांब. फरशीवर बस, असं कुणी कुणाला म्हणत नाही.

“मी माणसं मोजतो,” तो आपणहूनच म्हणाला. “सत्यजीत. दौंडचा. पुण्यात एका छोट्या ऑफिसात आहे. ही जागा बांधून दोन वर्षं झाली तरी कुणी वापरत नाही. का वापरत नाही, ते शोधायला मला पाठवलंय. तीस दिवस, रोज चार ते सात.”

त्याने फॉर्म दाखवला. किती आले, किती बसले, किती वेळ बसले. तीनच रकाने.

“आज किती?”

“आले बावन्न. आडवे आले, आडवे गेले. बसले…” त्याने आजूबाजूला पाहिलं, “मी.”

“तुम्हाला धरायचं का त्यात?”

“तेवढं धरता आलं असतं तर बरं झालं असतं.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्ही बसा ना. मला उठवलंत ती जागा मोकळीच आहे.”

“मी जीपची वाट बघतेय. निमोण्याच्या.”

“उभ्यानं?”

“सवय आहे.”

मी त्या बाकाशेजारी उभी राहिले, रोज राहते तशी. पहिली जीप आली, गेली. दुसरी आली, गेली. तिसरीत मी चढले.

आता तुम्हाला आधीच सांगून टाकते, कारण तुमच्यापासून लपवण्यात मला काही फायदा नाही. फरशीवर कुणी का बसत नाही, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मलाच काय, सगळ्यांनाच माहीत होतं.

चौक झाला तेव्हा बाकांसाठी वर्गणी निघाली. चोवीस घरांनी आपापल्या गेलेल्या माणसाच्या नावाने एकेक बाक दिला. आता नाव कुठे कोरायचं? कमिटीत एक जण म्हणाला, बाकांना पाठ करून तिच्यावर कोरू नका. पोरं खिळ्यानं बदाम काढत्यात, नावाची रया जाती. त्यापेक्षा बसायच्या दगडावर कोरा, तिथं नीट राहील. सगळ्यांनी माना हलवल्या. दगड आले, बसवले गेले, नारळ फुटला, माइकवरून ‘बसा, बसा’ झालं, आणि कुणीच बसेना. आपल्याकडे नुसता पाय लागला तर माणूस वाकून हात लावतो आणि तो हात कपाळाला नेतो. इथे तर गेलेल्या माणसाचं नाव, ‘कैलासवासी’पासून गावापर्यंत, आणि त्याच्यावर बूड टेकायचं. कुणाची छाती होणार?

पण तसं बोलणार कोण? म्हणायचं तर कुणाच्या तरी बापाच्या बाकाला नाव ठेवल्यासारखं होतं. स्वतःच्या बाकाबद्दल म्हणायचं तर घरच्यांनी श्रद्धेने केलेल्या गोष्टीत खोट काढल्यासारखं. दोन वर्षांत अक्षरांत धूळ बसली, वाकून पाहिल्याशिवाय अक्षरं दिसेनाशी झाली, आणि बाहेरच्या माणसाला काही कळायचं कारणच उरलं नाही.

कमिटीत बोललेला तो एक जण म्हणजे आमचे आण्णा. माझे वडील.

आणि ज्या बाकावरून मी सत्यजीतला उठवलं, त्याच्यावर लिहिलंय – कै. कस्तुराबाई, निमोणे. माझी आई. चौक नव्हता तेव्हा याच कोपऱ्यावर ती बावीस वर्षं झेंडूचे हार विकत बसली. मी शाळेतून आले की तिच्याशेजारी पोत्यावर बसून अभ्यास करायचे. म्हणून मी रोज अर्धा तास तिथे उभी राहते. जीप नुसतं निमित्त.

दुसऱ्या दिवशी तो आलेला होता. तिसऱ्या दिवशीही. तीस दिवसांचं काम, येणारच की, असं मी मनाला बजावलं आणि तरी कंपनीच्या बसमध्ये शिरूरच्या अलीकडे आरसा काढून तोंड पाहिलं. शेजारची शितल म्हणाली, “कोण बघणार हाय गं तुला आता?” मी म्हटलं, डोळ्यात कचरा गेलाय.

“आज जीप उशिरा का?” तो विचारायचा.

“भरलेली असते.”

“आत्ताच्या जीपमध्ये तर ड्रायव्हरशिवाय कुणी नव्हतं.”

“त्या ड्रायव्हरचं चालवणं बरं नाही.”

“आणि त्याच्या आधीच्या?”

“तुम्ही माणसं मोजायला आलाय की जिपा?”

तो हसायचा आणि पॅडवर काहीतरी लिहायचा. लिहिताना पॅड माझ्याकडून जरा तिरकं धरायचा.

लोकांना मात्र तो खरोखर मनापासून विचारायचा. पोपटआप्पा रोज संध्याकाळी फरशीला तीन फेऱ्या मारतात, गळ्याला मफलर गुंडाळून. त्यांना त्याने विचारलं, “आप्पा, इथे बसावंसं का वाटत नाही?” आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, तो बसला होता त्या बाकाकडे पाहिलं, आणि म्हणाले, “ऊन लागतं हो.”

माघाचा महिना होता. पाच वाजताच अंगावर काटा येत होता. पण त्या बिचाऱ्याने लिहून घेतलं – सावली नाही.

“करुणा, तुमच्याकडे शेतात शेडनेट असेल ना?” त्याने मला विचारलं. माझं नाव त्याने चहावाल्या झुंबरबाईंकडून काढलं होतं आणि पहिल्यांदाच तोंडाने घेतलं होतं. माझ्या नावात इतकी जागा आहे, हे मला माहीत नव्हतं.

मी आण्णांच्या रोपवाटिकेतला जुना तुकडा आणला. आम्ही दोघांनी मिळून तो चार खांबांना बांधला. तो स्टुलावर चढलेला, मी खालून सुतळी देतेय. गाठ मारताना त्याची बोटं माझ्या बोटांवर आली आणि तशीच… थोडी जास्त राहिली.

“सुटेल का?” तो म्हणाला.

“काय?”

“गाठ.”

“माझ्या हातची सुटत नाही,” मी म्हटलं आणि उगीचच पुढच्या खांबाकडे चालू लागले.

सावली झाली. त्या सावलीतून लोक आडवे आले, आडवे गेले. मग कुणी म्हणालं, पाणी नाही. त्याने पाण्याचा जार आणून ठेवला. आणि मग त्याने मला विचारलं.

“तुम्ही सांगा. खरं सांगा. काय केलं तर बसतील?”

खरं सांगायची संधी त्याने अशी ताटात वाढून दिली होती. मी तोंड उघडलं. वाटलं, सांगितलं की कामच संपलं. हा आजच रिपोर्ट लिहील आणि उद्या दौंडची एसटी धरील. शिवाय आण्णांचं नाव येईल.

“चहा मिळत नाही इथं,” मी म्हणाले.

झुंबरबाई हायवेच्या कडेला चहाचा गाडा लावतात. आईच्या जुन्या मैत्रीण, त्यामुळे माझ्या मावशी. त्यांना जाऊन मी म्हटलं, गाडा फरशीवर आणा.

“आगं, माणसं चहाला येत्याल. बसायची न्हाईत. तुला बी ठावं हाय, मला बी ठावं हाय.”

“तुम्ही गाडा तर आणा.”

त्यांनी पातेल्यावरचं झाकण जरा कलतं केलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “आणते की. पर गाडा फरशीसाठी हवाय का तुझ्यासाठी, येवढं सांग.”

मी आलं ठेचून दिलं आणि तिथून निघाले.

गाडा आला आणि दोन दिवसांत फरशीवर माणसं दिसायला लागली. बाया भाजीच्या पिशव्या घेऊन थांबू लागल्या. कंपनीतली पोरं यायला लागली. पोपटआप्पांना बोलायला चार जण मिळाले. एका संध्याकाळी सत्यजीतने मोजलं – एक्केचाळीस. चोवीस मोकळ्या बाकांच्या मधल्या जागेत एक्केचाळीस माणसं हातात कप धरून उभी होती, आणि कप ठेवायलासुद्धा कुणी बाक वापरत नव्हतं.

तो खुश झाला. मग चक्रावला.

“आले एक्केचाळीस, बसले शून्य. उभ्या माणसांना माझ्या फॉर्मवर रकानाच नाही.”

“मग काढा.”

“मी काढीन. पण ऑफिस बसलेलेच धरतं.” त्याने पॅड मिटलं. “तुम्हाला सांगायचं राहिलं होतं… शेवटच्या दिवशी वीस तरी माणसं बसलेली दिसली पाहिजेत. नाहीतर ही जागा वापरात नाही असं ठरणार. इथे गाळे बांधायचा विचार आहे. बाक काढतील.”

“काढून कुठं ठेवतील?”

“ठेवतील कशाला? भरावात टाकतील.”

माझ्या हातातला चहा निवला. आई या कोपऱ्यावर पोत्यावर बसायची तेव्हा तिला चार वेळा उठवलं होतं, ते मला आठवलं. पाचव्यांदा उठवणार होते, आणि कारण मला ठाऊक होतं, आणि मी गप्प होते.

उद्या सांगू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याने कागदात बांधून पेरू आणला होता. अर्धा कापून, मीठ लावून. मी म्हटलं, उद्या. त्याच्या पुढच्या दिवशी तो दौंडबद्दल बोलत बसला. वडील रेल्वेत, त्यामुळे तो फलाटावरच लहानाचा मोठा झाला. “आमच्याकडे बाकावर माणूस झोपतो, जेवतो, भांडतो, लग्नाची बोलणी करतो. जागा कुणाची, असं कुणी विचारत नाही. मी मोठा होईपर्यंत मला वाटायचं, सगळं जग असंच बसतं.” बोलताना त्याचे डोळे असे काही चमकत होते की मी पुन्हा म्हटलं, उद्या. असे सहा उद्या गेले. मी खोटं बोलत नव्हते, नुसती गप्प होते, असं स्वतःला सांगून पाहिलं. क्वालिटीत असताना दिसलेला डिफेक्ट न सांगणं म्हणजे काय असतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत?

सर्व्हेचे पाच दिवस उरले होते. मी बसमधून उतरले, तर तो गुडघ्यांवर बसून आईचा बाक धूत होता.

शेजारी बादली, हातात जुना टूथब्रश. “म्हटलं, धुळीमुळे बसत नसतील,” तो मान वर न करता म्हणाला. “आधी तुमची जागा धुतो. तुम्ही रोज हिच्याशेजारी उभ्या राहता, तर निदान स्वच्छ तरी…” तो अक्षरांतली माती ब्रशने हळूहळू काढत होता, आणि एकेक अक्षर काळ्या दगडातून वर येत होतं. त्याने वाचलं, “कै. कस्तुराबाई, निमोणे. कोण होत्या या? तुमच्याच गावच्या दिसतात.”

“माझी आई.”

ब्रश थांबला. ओला दगड मध्येच चमकत होता. त्याने नावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो सावकाश उठून उभा राहिला. मग शेजारच्या बाकाकडे गेला, वाकला, हाताने धूळ झटकली. मग त्याच्या पुढच्या. चार-पाच बाक पाहून तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“सगळ्यांवर आहेत.”

“चोवीसही. तुम्ही रोज बसता तो पोपटआप्पांच्या वडिलांचा.”

“मी पहिल्या दिवशी तुमच्या आईच्या…” त्याने हातातला ब्रश बादलीत टाकला. “आणि नंतर चोवीस दिवस पोपटआप्पांच्या वडिलांवर बसून पोपटआप्पांना विचारत होतो, इथे बसावंसं का वाटत नाही.”

एरवी मला हसू आलं असतं.

“तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“हो.”

“शेडनेट बांधताना माहीत होतं. चहाचा गाडा आणताना माहीत होतं. गाळ्यांचं सांगितलं, तेव्हाही…” आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. “मी तुम्हालाच तर विचारलं होतं, करुणा. खरं सांगा म्हणून.”

कारण माझ्या ओठांवर होतं. पण ते सांगायला जी हिंमत लागते ती कुठल्या तरी उद्यामध्ये मागे राहिली होती. तेवढ्यात निमोण्याची जीप आली. मी चढले. पहिल्याच जिपेत.

आण्णा रोपवाटिकेत झेंडूची रोपं बदलत होते. दिवस मावळायचा होता. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं – सर्व्हे, गाळे, भराव, आणि लोक का बसत नाहीत ते. सत्यजीतचं नाव मी फक्त ‘सर्व्हेवाले’ एवढंच घेतलं, पण आण्णा माझ्याकडे बघत होते त्यावरून ते पुरेसं झालं नसावं.

ते बराच वेळ रोपाच्या मुळाशी माती दाबत राहिले. दाबून झाली तरी दाबत राहिले.

“मला ठावं हाय पोरी,” ते म्हणाले. “नारळ फुटला त्याच दिशी कळलं. माझ्याच तोंडानं बोललो मी कमिटीत. शानपणा केला. आन् तुझ्या आईला तिथं आडवी निजवली, आन् वर लोकांला म्हणलो, बसा.” त्यांनी मातीचा हात धोतराला पुसला. “तवापासून मी फरशीवरनं जात न्हाई. फुलं घिऊन जातो तवा लांबनं, बाजाराकडनं जातो. तुला वाटलं आसंल, बाप इसरला.”

मला तसंच वाटलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

“मग बोलला का नाही कधी?”

“बोलायचं कसं? चोवीस घरं माझ्या शब्दावर गप बसली. आता म्या म्हणायचं चुकलो, तर तेवीस जणांच्या आईबापाचं बी चुकलंच म्हनायचं की.” मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, “ह्ये सर्व्हेवालं पोरगं… त्याला तू सांगितलंस का त्यानं हुडिकलं?”

“त्याने आईचा बाक धुतला. ब्रशने.”

“ब्रशनं,” आण्णा म्हणाले, आणि त्यांनी पुढचं रोप उचललं.

दुसऱ्या दिवशी मी बसमधून उतरले तर फरशीवर टेम्पो उभा. आण्णा, एक गवंडी, दोन पहारी. आणि टेम्पोत, पोत्यांवर अलगद ठेवलेली, आमच्या दारातली शहाबादी फरशी. त्याच फरशीवर बसून आई रोज पहाटे हार ओवायची. तिच्या मधोमध दगड बसून बसून गुळगुळीत झालाय.

सत्यजीत पॅड छातीशी धरून समोर उभा होता. “आण्णा, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण… परवानगी लागेल.”

“दगड माझा, बायकू माझी,” आण्णा म्हणाले. “परवानगी कुनाची आणू?”

सत्यजीतने एक क्षण विचार केला. मग पॅड माझ्या हातात दिलं, बाह्या सरसावल्या आणि दुसरी पहार उचलली.

ग्रॅनाइटचा दगड वर उचलताना आण्णांनी आधी त्याला हात लावून तो कपाळाला नेला. मग तो दगड बाकाच्या मागे उभा केला, पाठीसारखा, नाव वरच्या बाजूला. बसायला खाली आमच्या दारातली शहाबादी आली. गवंडी सिमेंट थापत होता आणि झुंबरबाई पदराने डोळे पुसत चहा गाळत होत्या, त्यामुळे त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली.

चहाला उभी असलेली माणसं गोल करून बघत होती. शेवटी पोपटआप्पांनी मफलर सोडला.

“आण्णा, म्हंजी कस्तुराबाईला उठवून बशिवली तुमी,” ते म्हणाले. “मग माझ्या बापालाच का निजवून ठिवता? तेवढी पहार इकडं आणा.”

चार दिवसांत एकोणीस दगड उभे राहिले. कुणी घरची शहाबादी आणली, कुणी पाट्याएवढे कडप्पे जोडले. एकाने तर जुन्या दाराची फळी आणली. फरशी आता एकसारखी दिसत नाही. पण दिसायला एकसारखी होती तेव्हा काय झालं, ते आपण पाहिलंच.

त्या चार दिवसांत सत्यजीत माझ्याशी कामापुरतंच बोलला. पाणी द्या. लेव्हल धरा. पॅड सांभाळा. राग होता की दुसरं काही, ते मला वाचता येईना, आणि मी रोज पहिली जीप धरत होते.

शेवटचा दिवस आला. सिमेंट वाळलं होतं. पोपटआप्पा वडिलांच्या बाकापुढे आले, हात जोडले, पाठीमागच्या नावाकडे एकदा पाहिलं आणि टेकले. मांडीवर मांडी घालून सत्यजीतकडे बघत म्हणाले, “ऊन लागत न्हाई आता.”

मग सगळेच बसले. बाया बसल्या, कंपनीतली पोरं बसली, आण्णा लांबवर झुंबरबाईंच्या गाड्याशेजारच्या बाकावर बसून बशीतून चहा प्यायला लागले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते फरशीवर बसले होते. मी आईच्या बाकाजवळ गेले. शहाबादीवर हात ठेवला. ओळखीचा गुळगुळीतपणा. बसले, आणि पाठ मागे टेकली. उन्हाने दगड जरा ऊबदार होता. आईला जाऊन पाच वर्षं झाली. मी पाच वर्षांनी तिच्याशेजारी बसत होते, आणि मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही.

सत्यजीत मोजत मोजत आला आणि समोर उभा राहिला. आजची बेरीज वीसच्या बरीच वर गेली होती, गाळ्यांचं आता पुढे सरकणार नाही, असं त्याने आण्णांना सांगताना मी ऐकलं होतं. म्हणजे त्याचं काम संपलं होतं. म्हणजे उद्या…

“का नाही सांगितलंत?” त्याने विचारलं. “एवढंच विचारायचं राहिलंय.”

यापुढे एकही उद्या शिल्लक नव्हता. मी त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही आला असता का?”

त्याच्या गालावरची रेघ उमटली. बऱ्याच दिवसांनी. मग त्याने पॅड उघडून माझ्यासमोर धरलं. त्याचे सगळे फॉर्म, पहिल्या दिवसापासूनचे. तीन रकाने छापील, आणि कडेला पेनाने ओढलेला चौथा. त्याच्यावर लिहिलं होतं – उभी. खाली रोज एक. आणि त्या एकच्या पुढे आणखी एक आकडा. दोन. दोन. चार. तीन. पाच.

“हे काय?”

“सोडलेल्या जिपा,” तो म्हणाला. “म्हटलं, एक माणूस रोज उभ्याने थांबतो आणि रिकाम्या जिपा सोडतो, याचा अभ्यास कुणीतरी केला पाहिजे.”

मी पानं उलटत गेले. बाक धुतला त्या दिवसापाशी आले. तिथे शून्य होतं. त्याच्या पुढचे चारही दिवस शून्य. शून्याभोवती पेन इतक्यांदा फिरवलं होतं की कागद खरवडला होता.

“या दिवसांचं कारण मला सापडलं नाही,” तो हळूच म्हणाला. “रिपोर्ट अपुरा आहे.”

“मला वाटलं, तुम्ही रागावलाय.”

“होतो. दोन दिवस. पुढचे दोन दिवस रागावल्यासारखा दिसत होतो, कारण… दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.”

मी पॅड मिटलं. तो अजून उभाच होता, एक हात आईच्या नावापासून जरा अंतरावर दगडाच्या कडेला ठेवून.

“बसू?” त्याने विचारलं.

“बस की,” मी म्हणाले.

तो बसला. पाय न पसरता, नीट, अगदी पाहुण्यासारखा. आमच्या दोघांमध्ये एका पॅडाएवढी जागा होती. थोड्या वेळाने तेवढीही राहिली नाही.

“आईबाबा म्हणत होते,” तो समोर बघत म्हणाला, “रविवारी दौंडहून यावं का म्हणून. सहज. तुमच्या घरच्यांना चालणार असेल तर.”

मी काही बोलायच्या आत लांबच्या बाकावरून आण्णांचा आवाज आला. त्यांना ऐकू कमी येतं, असं ते सोयीने म्हणतात.

“या म्हणावं,” आण्णा बशी खाली ठेवत म्हणाले. “बसायला जागा हाय आता.”

निमोण्याची जीप आली, हॉर्न वाजवून थांबली, थोडी वाट पाहून गेली. ती त्याने कुठेच लिहिली नाही.